कुसुमची मूठ

कुसुम काल गेली. मी तिच्यावर जन्मभर जळले.

आरआयपी टाकून मोकळं होता आलं असतं. पण ते वाचून तीच हसली असती.

अठ्ठ्याहत्तर साली लग्न होऊन मी मोहाडीला आले. नवरा तहसील ऑफिसात क्लार्क. ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. चर्च म्हणजे एक कौलारू खोली, चार चटया आणि भंडाऱ्याहून मोटरसायकलवर येणारे पाळकसाहेब.

आमच्या मंडळीत एक पद्धत होती. भाताला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. देवाची मूठ.
रविवारी सगळ्या बायकांचे डबे एकाच टोपलीत रिकामे व्हायचे. ज्या घरी दुखणं किंवा अडचण असेल, तिकडे ते तांदूळ जायचे.

नेऊन द्यायचं काम कुसुमचं.

कुसुम आमच्या शेजारची, माझ्याच वयाची. नवरा रोज सायकलने वरठी स्टेशनला हमालीला जायचा. घरात जाड तांदूळ, तोही बाजारातला.
आणि माझ्या सासूबाई चारचौघींत म्हणायच्या, "मूठ पाहावं तं कुसुमची."

माझी मूठ काय लहान होती?

माझं माहेर आसगाव. तिकडून घरचं चिन्नोर यायचं, बारीक, वासाचा तांदूळ. शिजायला लागलं की गल्लीभर वास. मी ठरवलं, देवाला आता चिन्नोरच द्यायचं. मूठही अशी घ्यायची की बोटांतून दाणे सांडले पाहिजेत. बघू दे म्हटलं सगळ्यांना.

रविवारी मी झाकण अगदी सावकाश उघडलं. कुसुमने डबा घेतला आणि सरळ टोपलीत ओतला. सगळ्यांच्या जाड तांदळात.

"अगं, चिन्नोर होतं ते!"

"हो काय? तरीच वास येऊन राह्यला," ती म्हणाली. "आता कोणाचं कोणतं, देवालेच ठाऊक."

ते तांदूळ एका बाळंतिणीकडे गेले. जाडा दाणा शिजेपर्यंत चिन्नोरचा पार गिचका झाला. बिचारीने तो तसाच खाल्ला.

पुढच्या रविवारी कुसुम मला बाजूला घेऊन म्हणाली, "शालू, तुहं वेगळं ठेवत जाऊ. आजारी माणसाले मऊ भात बरा."

मला मनातून गुदगुल्या झाल्या. आता तरी माझं नाव होईल.

कसलं काय.
कुसुम तो भात स्वतः शिजवून घेऊन जायची. प्रत्येक घरी सांगायची, "शालूकडचं चिन्नोर हाय." लोक ऐकून घ्यायचे, आणि म्हणायचे, कुसुमच्या हाताला काय चव आहे.

तांदूळ माझे, नाव तिचं. सांगा, जळू नको तर काय करू?

पाळकसाहेब प्रीतीवर बोलत असायचे आणि मी कुसुमकडे बघत बसायचे. लुगडं जुनं, पदराला ठिगळ. तरी प्रत्येक बाईला तिच्याच शेजारी बसायचं असायचं. माझ्या शेजारची चटई रिकामी.

मग शहाऐंशी साली सासूबाईंना लकवा मारला. उजवा हात गेला.
आंघोळ, कपडे, औषध, सगळं मी. पण ताट वाढलं की त्या म्हणायच्या, "कुसुमले बोलाव."

कुसुम यायची, हात धुवायची, घास भरवायची. मी चुलीपाशी घासलेलंच पातेलं परत घासत बसायचे.

एका दुपारी राहवलं नाही. दाराआड जाऊन उभी राहिले.

कुसुम म्हणत होती, "मावशी, शालूच्या हातानं खात जा ना. इतकं करते तुमचं. तिले वाईट वाटते."

सासूबाईंची जीभ जड झाली होती, पण मला शब्द न् शब्द कळला.

"तिच्यापुढं सांडलं का मले लाज वाटते वं. तुह्यापुढं नाही वाटत."

मी मागच्या दारी जाऊन खूप रडले.

तोवर वाटायचं, हिची मूठ मोठी म्हणून सगळ्यांना ही आवडते. मूठ मला मोठी करता येत होती. पण आपल्यापुढे सांडायची कोणाला लाज वाटू नये, हे कुठून आणायचं? आसगावहून थोडंच येणार होतं?
त्या दिवसापासून तर मी जास्तच जळायला लागले. सासूबाई गेल्या, आमचे नवरे गेले, आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, तरी जळणं सुरूच.

मागच्या महिन्यात तिने अंथरूण धरलं. तिची सून नोकरीवर जाते, म्हणून दुपारी मी जायला लागले. चिन्नोरचा मऊ भात घेऊन.

तिचे हात थरथरत होते. मी घास केला, तिच्या तोंडाशी नेला. माझाही हात आता कुठे स्थिर आहे? अर्धा घास हनुवटीवरून लुगड्यावर सांडला.

तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत होईना.

ती हसली. दात नव्हतेच.
"सांडू दे वं, शालू. तूच तं आहेस."

आणि पुढच्या घासाला तिने आ केला.

आज दुपारी तिला मूठमाती दिली. मी मूठ मोठी घेतली, बोटांतून सांडेपर्यंत. जुनी खोड, जात नाही. माती खाली पडली आणि सगळ्यांच्या मातीत मिसळून गेली.
कोणाची कोणती, देवालाच ठाऊक.

श्रद्धांजली सगळ्यांनी वाहिलीच आहे. माझ्याकडून तुला भावपूर्ण हेवा, कुसुम.

तिथेही सगळ्यांना तुझ्याच शेजारी बसायचं असेल. माझी जागा धरून ठेव.