न सोडलेलं पाणी

मी इथे फक्त वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... बारावीपर्यंत बायोलॉजी शिकलेय, मला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. म्हणूनच हे डोक्यातून जात नाही.

मीरा रोड, पूनम सागर, चौथा मजला. मी आणि बाबा, दोघंच. बाबांच्या किडन्या निकामी झाल्यात, म्हणून घरीच पोटाचं डायलिसिस चालतं. पोटातल्या नळीतून साखरेचं दोन लिटर पाणी आत सोडायचं. पोटाच्या आतल्या पातळ पडद्यातून अंगात साचलेलं पाणी त्या साखरेकडे खेचलं जातं - शाळेतलं ऑस्मोसिस. चार तासांनी सगळं बाहेर काढून वजन करायचं.

मागच्या ऑगस्टमध्ये आठवडाभर कमीच निघत होतं. पाय सुजलेले, बोलताना दम लागायचा. डॉक्टर म्हणाले, "आज संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं नाही तर ॲडमिट करा." बाबांना हॉस्पिटलची धास्ती... मागच्या वेळी शेजारच्या बेडवरचे काका त्यांच्यासमोरच गेले होते.

दुपारी बारा वाजता आधीचं पाणी पूर्ण काढलं, नवी पिशवी टांगून नळी जोडली, इतक्यात बेल. शेजारच्या भाभी.

"बेटा, तुम्हारे यहाँ पानी आ रहा है क्या?"

त्यांच्याशी बोलेपर्यंत लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग सुरू झाली. आतून बाबा ओरडले, "जा गं तू, गेलं सगळं आत. नळी मी बंद करतो."

चार वाजता बघते तर पिशवी भरलेलीच टांगलेली. तिच्या तोंडाशी एक प्लास्टिकची पिन असते, ती मोडल्याशिवाय थेंबही सुटत नाही. ती मी मोडलीच नव्हती.

"बाबा, काहीच गेलं नाही आत!" मला रडू फुटलं.

"काहीतरीच काय! पोट बघ की."

पोट टम्म होतं. रिकामी पिशवी जोडली, तर पाणी येतच राहिलं. एरवी ते पिवळसर असतं, हे अगदी नितळ. काट्यावर तीन किलो भरलं. आत साखर नव्हती... मग ते पाणी कशाकडे खेचलं गेलं?

"झोपेत वाटत होतं," बाबा शांतपणे म्हणाले, "कुणीतरी पायांपासून वर हात फिरवतंय. गार होते गं हात."

संध्याकाळी त्यांचे घोटे दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, "तुमचा पिशव्यांचा गोंधळ झाला असेल." मी वाद घातला नाही. पण त्या भरलेल्या पिशवीचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे.

ॲडमिट करावं लागलं नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. आता पिन तुटल्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी जागची हलत नाही. आणि बाबा... ते रोज दुपारी माझ्या हाताकडे बघत हळूच म्हणतात, "आज नको ना मोडूस. ते गार हात वाट बघत असतील."