सालोमत-ओपाचा अंगठा

कोकंद शहराच्या तुतझार मोहल्ल्यात सालोमत-ओपाची सुई न लागलेला माणूस शोधायचा, तर नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या घरी जावं लागलं असतं. आणि तिथेही दोन-तीन दिवसांत ओपा, म्हणजे सगळ्यांची ताई, पोहोचलेली असायची. बेचाळीस वर्षं ती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. निवृत्तीच्या दिवशी दवाखान्याने तिला मखमली झगा दिला, भाषणं केली आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता निम्मा दवाखाना तिच्या अंगणात येऊन बसला.

या मोहल्ल्याचा गोळ्यांवर विश्वास नाही. गोळी काय, मनुक्यासारखी तोंडात टाकली, वर चहाचा घोट घेतला, संपलं. ज्याने डोळ्यांत पाणी येत नाही ते औषध कसलं? डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या तर लोक त्याला शिकाऊ समजत, आणि दहा इंजेक्शनांचा कोर्स लिहून दिला तर त्याच्या आईवडिलांना दुवा देत. या धर्माची मुख्य पुजारीण सालोमत. नावाचा अर्थच निरोगी. सासष्टाव्या वर्षी केस मेंदीने लाल, पाठ ताठ, आणि आजारी माणसांबद्दल मनात थोडा तुच्छभाव.

तर या निरोगी बाईचा उजवा अंगठा दुखायला लागला. आधी लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना. तिने बरणी बनवणाऱ्याला नावं ठेवली. मग कुलपात किल्ली फिरेना. तिने नवऱ्याला नावं ठेवली. तो वारून नऊ वर्षं झाली होती, पण कुलूप त्याने बसवलेलं होतं. स्वतःच्या हाताला नावं ठेवण्याची वेळ आली ती तुर्सुन-ओताच्या दिवशी.

तुर्सुन-ओता म्हणजे शेजारचे ऐंशी वर्षांचे म्हातारबुवा. ते नेहमीसारखे पालथे पडले होते. ओपाने सुई टोचली, दट्ट्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. अंगठ्याच्या बुडातून अशी कळ आली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. दट्ट्या अर्ध्यावर, सुई आत, आणि अंगठा काही ऐकेना.

"झालं का गं, पोरी?" उशीत तोंड खुपसून ओतांनी विचारलं.

"होतंय, ओता. आज औषध जरा जाड आहे."

औषध जाड असायचं काही कारण नव्हतं, कारण ते औषधच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ओतांची दुखण्याची इंजेक्शनं मूत्रपिंडासाठी बंद केली होती. ओतांनी जेवण सोडलं. तेव्हापासून ओपा दर गुरुवारी गंभीर चेहऱ्याने त्यांना मिठाचं पाणी टोचत होती आणि ओता दर शुक्रवारी काठी न घेता मशिदीत जात होते.

शेवटी ओपाने सुनेला, नफोसातला, खुणेने बोलावलं. नफोसात हात पुसत आली, तिने एका बोटाने दट्ट्या खाली सारला. "अल्ला तुझ्या हाताला बरकत देवो," ओता म्हणाले, "आज अजिबात दुखलं नाही." ओपा दिवसभर सुनेशी बोलली नाही.

मग मोहल्ला उपायांना लागला. एकीने मध लावून कोबीचं पान बांधलं, दुसरीने दुंबा मेंढ्याची चरबी चोळली. अंगठा दुखायचा थांबला नाही, पण जेवणासारखा वास मात्र मारू लागला. दोन आठवड्यांनी ओपाने मखमली झगा चढवला आणि डॉक्टर उमिदाकडे गेली.

उमिदा तिच्याच गल्लीतली. पाच वर्षांची असताना इंजेक्शन चुकवायला थंड तंदूरमध्ये लपली होती, आणि ओपाने तिला पायाला धरून बाहेर ओढलं होतं. आता ती सांध्यांची डॉक्टर होती. तिने एक्स-रे उजेडाकडे धरला.

"ओपा, अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय. ऑस्टिओआर्थरायटिस."

"नाव राहू दे. सुई आण."

"आधी ऐका तर. हाताच्या सांध्यात इंजेक्शनचा भरवसा कमी. अभ्यासासाठी काही लोकांना औषध टोचलं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. दोघांत फारसा फरक दिसला नाही. तुम्हाला काही आठवडे बरं वाटेल, किंवा तेही नाही. आधी अंगठ्याला पट्टा बांधू, थोडा व्यायाम, मलम."

ओपाने मागे वळून दार बंद आहे ना ते पाहिलं. एवढं शिकूनसवरून पोरीने असं बोलावं, आणि तेही बाहेर बाकावर माणसं बसलेली असताना, याचं तिला खरोखर वाईट वाटलं.

"मलम म्हाताऱ्यांना दे," ती म्हणाली.

"तुम्ही सासष्टच्या आहात."

"तेच म्हणते. मला अजून वेळ आहे."

तासाभराच्या वादानंतर उमिदाने हात टेकले आणि हातमोजे चढवले. ओपाने अंगठा टेबलावर ठेवला. श्वास सोड, हात सैल ठेव, दुसरीकडे बघ. हे तीन हुकूम तिने आयुष्यभर लाखभर लोकांना दिले होते. त्यातला एकही तिला पाळता आला नाही.

"मुंगी चावल्यासारखं होईल, ओपा. एवढंच," उमिदा म्हणाली. हे वाक्यही ओपाचंच.

ती मुंगी कोणत्या जातीची असते ते ओपाला बेचाळीस वर्षांनी कळलं. तिने डाव्या हाताने डॉक्टरच्या कोटाची कॉलर धरली ती सुई बाहेर येईपर्यंत सोडली नाही. बाहेर बाकावरच्यांना मात्र तिने सांगितलं, "काही नाही, कळलंसुद्धा नाही."

पुढचे तीन आठवडे चमत्काराचे होते. कळ गेली. ओपाने चाळीस माणसांच्या मंतीचं, म्हणजे खिमा भरून उकडायच्या मोदकांचं, पीठ एकटीने मळलं, गालिचे झटकले, अंगणात पुन्हा रांग लावली, आणि येईल त्याला सांगितलं की उमिदाला ज्ञान कमी आहे पण हात चांगला आहे. चौथ्या आठवड्यात ओला टॉवेल पिळताना कळ जुन्या जागी परतली. जणू नातेवाइकांकडे जाऊन आली होती.

ओपाने रात्रभर विचार केला नाही. तिला विचाराची गरजच नव्हती. सकाळी ती दवाखान्यात गेली आणि भरल्या बाकासमोर म्हणाली, "तू मला पाणी टोचलंस."

उमिदाने तिला आत घेतलं, नोंदवही उघडली. औषधाच्या कुपीचं लेबल पानावर चिकटवलेलं होतं. ओपाने चष्मा लावून नाव वाचलं, तारीख वाचली, पान उलटून मागेही पाहिलं. औषध अस्सल होतं.

"आणि पाणी टोचलं असतं तर?"

"कदाचित इतकेच दिवस बरं वाटलं असतं."

ओपाने नोंदवही मिटली. मग झग्याच्या बाहीशी चाळा करत म्हणाली, "तुर्सुन-ओताला मी दोन वर्षं मिठाचं पाणी देते."

"आणि?"

"पळतोय."

उमिदाला हसू आवरेना. ओपाही हसली असती, पण तिला तिथे मोठेपणा राखायचा होता. "मग मलाही पुढच्या वेळी पाणीच दे, न सांगता."

"आता तुम्हाला माहीत झालं, ओपा. आणि औषधही इतक्यात पुन्हा देणार नाही. वरचेवर टोचलं तर सांध्यालाच धोका."

या वेळी ती पट्टा घेऊन घरी आली. त्याला तिने पहिल्याच दिवशी गाढवाचं खोगीर असं नाव दिलं. तो कसा निरुपयोगी आहे हे सिद्ध करण्यासाठी मात्र तिने तो रोज न चुकता बांधला, आणि चेंडू दाबायचा व्यायामही त्याच हेतूने नेमाने केला. दीड-दोन महिन्यांनी किल्ली फिरू लागली. दुखणं गेलं नाही. फक्त ते घरात राहायला शिकलं. ही गोष्ट ओपाने कोणालाही सांगितली नाही, उमिदाला तर मुळीच नाही.

दट्ट्या मात्र परत हातात आला नाही. अंगणातली इंजेक्शनं नफोसात देऊ लागली. ओपा ओसरीवर लोडाला टेकून हुकूम सोडायची: जरा वर, तिरकी नको, हळू. लोक तिला सलाम करायचे आणि सुनेकडे जायचे. नफोसातचा हात हलका होता, हे ओपाला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तिने ते तोंडावर सांगितलं वसंतात, तेही एवढंच: "तू काही अगदीच टाकाऊ नाहीस." नफोसात आत जाऊन रडली. माहेरी फोन करून हे कौतुक तिने तीनदा सांगितलं.

जर्दाळू पिकले तेव्हा शेजारची खोसियत आली. भरतकाम करून तिच्या बोटांचे सांधे गाठाळले होते. "ओपा, तुम्हीच सांगा. बोटांत इंजेक्शन घेऊ का?"

अंगणातल्या माना ओसरीकडे वळल्या. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. ओपाने पट्टा बांधलेल्या हाताने चहाची वाटी उचलली, एक घोट घेतला.

"घे, नाहीतर नको घेऊस. मला तीन आठवडे मजा आली. उमिदाला विचार, आणि ती मलम म्हणाली तर तोंड वाकडं करू नकोस."

खोसियत थोडा वेळ थांबली, पुढे काहीतरी येईल म्हणून. मग ती उठली, आणि फाटकापाशी दुसऱ्या बाईला हळूच म्हणाली, "बिचारी. ओपा अगदीच थकली गं."