टेस्टर पाहिजे

नोकरी गेली तेव्हा मी सदतीस वर्षांची होते आणि अकरा वर्षं एकच काम करत आले होते: दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं. अंधेरीच्या कंपनीनं आमची सबंध टीम एका मीटिंगमध्ये मोकळी केली. मीटिंग बारा मिनिटांत आटोपली. मी लॅपटॉप कुरियरनं परत पाठवला आणि दुसऱ्या दिवसापासून विरारला चंदनसारच्या आमच्या दोन खोल्यांत बाबा आणि मी दिवसभर समोरासमोर आलो.

बाबा एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून त्यांनी आपला दिवस बसवून घेतला होता: पेपर, बाग, जेवण, डुलकी, पुन्हा बाग. माझ्यामुळे तो सगळा विस्कटला. मला एका जागी बसवतच नव्हतं. एक अर्ज भरायचा, उठायचं, गॅलरीत जायचं, परत येऊन नोकरीच्या साइटवरचा आपला प्रोफाइल कोणी उघडला का ते बघायचं. पुसलेला ओटा पुन्हा पुसायचा. अनोळखी नंबरवरून फोन आला की धावत जाऊन उचलायचा, आणि पलीकडून कोणीतरी क्रेडिट कार्ड घ्या म्हणायचं.

मुंबईतल्या कंपन्यांना ऑटोमेशन, म्हणजे तपासणी आपोआप करणारे प्रोग्रॅम लिहिणं, येणारी, पंचविशीतली माणसं हवी होती. शोधताना ‘वसई-विरार’ टाकलं की कॉम्प्युटर क्लास, टेलिकॉलिंग आणि पार्सल पोचवायची कामं निघायची. वसईला एका ‘आयटी कंपनी’त जाऊन आले. डोशाच्या हॉटेलवर एक खोली, त्यात दोन टेबलं. मालकानं विचारलं, “वेबसाइट बनवाल, इन्स्टाग्राम बघाल आणि फोन आला तर घ्याल ना?” मी सगळ्याला हो म्हटलं. चार दिवसांनी त्यांचा मेसेज आला, तुमचा अनुभव आमच्या मानानं जास्त आहे.

त्यानंतरच्या एका सकाळी भाजी आणायला खाली उतरले तर सोसायटीच्या फलकावर, टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी, माझा बायोडेटा टाचलेला. फोटोसकट. मी तो ओढून काढला आणि तशीच वर गेले.

“बाबा, हे काय आहे?”

“तुझाच कागद. वीस प्रती काढून आणल्या. वाण्याकडे दिली, डॉक्टरांना दिली, बागेतल्या मंडळींना दिल्या.”

“मला विचारलंत?”

“विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.”

“अहो, आयटीतली नोकरी वाण्याकडे नाही मिळत!”

“मग जिथे मिळते तिथे तरी मिळाली का?”

बोलून गेल्यावर त्यांचाच चेहरा पडला. दोन दिवस आमच्यात ‘वाढू का’ आणि ‘दूध आणलंय’ एवढीच बोलणी झाली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. “टेस्टर पाहिजे. तुमच्या वडलांच्या ओळखीतून कळलं. अकरा वर्षांचा अनुभव ना? उद्या या.” काय तपासायचंय, हे मी विचारलंच नाही. ‘या’ असं इतक्या सरळ कोणी कित्येक आठवड्यांत म्हटलं नव्हतं.

पत्ता वसई पूर्वेचा होता, कारखान्यांच्या गाळ्यांमधला. इस्त्रीचा कुडता घालून, खांद्याला लॅपटॉपची बॅग लावून मी लेथच्या आवाजातून गाळा शोधत गेले. मॅनेजरनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मॅडम, थ्री-फेज पंप तपासलेत का कधी?”

तो पाण्याच्या पंपांचा कारखाना होता. मी म्हटलं, मी सॉफ्टवेअर तपासते. तो म्हणाला, मला तर फक्त टेस्टर सांगितलं होतं. दोघांनीही एकमेकांना सॉरी म्हटलं. परत फिरले तर पाण्याच्या टाकीजवळच्या बाईंनी हाक मारली. पन्नाशीच्या, नायगावकडच्या खाडीकाठच्या गावातल्या. पंप तपासायचं काम त्याच करत होत्या आणि पुढच्या महिन्यापासून काम सोडणार होत्या.

“बस जरा. पानी पी. कोनाची चूक झाली?”

“कोणाचीच नाही.” मी बसले. त्यांनी एक पंप टाकीवर चढवला, चालू केला, कान लावला आणि लगेच बंद करून बाजूला ठेवला.

“हा जानार नाय. तू तपासतेस ते बिघडलं तर आवाज येतो?”

“नाही येत.”

“मग कळतं कसं?”

मी सांगायला लागले. माणूस घाईत असतो, चुकीचं बटण दाबतो, दोनदा दाबतो. तसं सगळं आपण आधीच करून बघायचं. त्या हसल्या. “म्हंजे लोकांचं ध्यान ठेवायचं. मशीनचं नाय.” आणि पुढचा पंप उचलला.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “माझीच चूक. मी नुसतं टेस्टर म्हणून सांगत सुटलो.” मला एकदम हसू फुटलं. ते आधी बिचकले आणि मग तेही हसले.

तीन आठवड्यांनी पुण्याच्या एका कंपनीचा मेल आला. ती हॉस्पिटलसाठी सॉफ्टवेअर बनवायची. ऑनलाइन मुलाखत, साडेअकराला. अकराला आमच्या भागातली वीज गेली. बिल्डिंगचं इंटरनेट बंद, माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटांची. मी खोलीत नुसती येरझारा घालत होते. बाबांनी चपला घातल्या. “चल.”

“कुठे?”

“डॉक्टरांकडे इन्व्हर्टर आहे.”

डॉक्टर मला पाहून म्हणाले, “यांचाच ना तो कागद? बसा आत.” मी इंजेक्शनच्या खोलीत स्टुलावर बसले, लॅपटॉप तपासणीच्या पलंगावर ठेवला, मोबाइलचं इंटरनेट जोडलं. बाहेर कोणीतरी सारखं खोकत होतं.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी पाचव्या मिनिटाला तोच प्रश्न विचारला, ज्यावर मी आधीच्या मुलाखतींत तीनदा अडखळले होते. “काय काय तपासायचं त्या टेस्ट केसेस आता एआय लिहून देतं. तुमची गरज काय?”

मी तोंड उघडलं आणि बाहेर कंपाउंडरनं एका पेशंटचं नाव पुकारलं. एकाच वेळी दोन बायका ‘आले’ म्हणाल्या. मग त्यांची तिथेच बाचाबाची सुरू झाली. एकीच्या हातात दुसरीचा केसपेपर होता.

“ऐकलंत का?” मी विचारलं. “मी दवाखान्यात बसलेय. एकाच नावाच्या दोघी आल्यात आणि कागद बदललेत. तुमच्या स्क्रीनवर काउंटरवरच्या मुलीनं घाईत पहिलंच नाव निवडलं, तर तिला कोण थांबवतं?”

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मग म्हणाल्या, “हे आमच्याकडे घडलंय. पुढे सांगा.” मी पंचवीस मिनिटं बोलले. ऑटोमेशन येत नाही, शिकतेय, तेही सांगून टाकलं. बाहेर आले तेव्हा बाबा खोकणाऱ्या आजोबांशेजारी बसून एसटीच्या गोष्टी सांगत होते. माझ्याकडे बघितलं आणि गोष्ट अर्धी टाकून उठले.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. नोकरी पक्की नाही, सहा महिन्यांचा करार, काम घरून. मी म्हटलं, पेढे वगैरे नकोत, कायम होईपर्यंत कोणाला सांगू नका. बाबा हो म्हणाले आणि संध्याकाळी पेढे घेऊन दवाखान्यात जाऊन आले.

आता चौथा महिना चालू आहे. काम चांगलं आहे, मीही ते बरं करतेय असं मुलाखत घेणाऱ्या त्या बाई म्हणतात. मुदत वाढेल का, हे मात्र अजून विचारलेलं नाही. सोमवारी विचारीन असं दर शुक्रवारी ठरवते, आणि सोमवारी कॉल सुरू झाला की दुसरंच काहीतरी बोलते.