विम्याच्या यादीतल्या काचा

विमा हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं फिरतं. घरात कुणी विम्याचे कागद पसरून बसलं, की मी उठून आत जाते. पोरं म्हणतात, आईला हप्त्याची भीती वाटते. म्हणू देत.

निजामाच्या राज्यात परभणीला आमचा फोटोचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, तर छपराच्या पत्र्यात काचा बसवलेली एक लांब खोली, मागे जिना आणि कुंड्या रंगवलेला पडदा आणि तीन पायांवर उभा कॅमेरा. पुरुषांचे फोटो आमचे हे काढत. बायकांचे मी काढायची. आमच्या भागातल्या मोठ्या जमीनदार घरांतल्या बायका गोषात असत; परक्या पुरुषासमोर तोंड उघडं टाकून बसण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून लग्नानंतर वर्षभरातच ह्यांनी मला कॅमेरा शिकवला. शिकवायला ह्यांच्यासारखा माणूस नव्हता, एवढं मी मान्य करते. बाकीचं पुढे सांगते.

गुरुवारी दुपारी दुकानाचं पुढचं दार लागायचं. मागच्या बोळात पडदा सोडलेली बैलांची दमणी थांबायची आणि बायका आत यायच्या. तेवढा वेळ हे बाहेर. फोटो मी काढायचा, काच मी धुवायची, कागदावर मीच उतरवायचा. ज्या काचेवर मूळ फोटो उमटतो ती काच माझ्याकडे राहायची, कारण बायकांना ती घरी लपवता येत नसे. त्यासाठी एक लाकडी पेटी होती, तिला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला. काचेच्या पाकिटावर मी फक्त तारीख घालायची आणि एखादी खूण काढायची, जोडवं, चंद्रकोर, चिंचेचं पान. नाव कधीच नाही. ही काच कुणा पुरुषाच्या नजरेला पडणार नाही, असा शब्द मी प्रत्येकीला दिला होता.

चिंचेचं पान होतं जिंतूरकडच्या एका मोठ्या घरातल्या सुनेचं. लग्नातल्या मानपानावरून बिनसलं आणि सासरच्यांनी चार वर्षं तिला माहेरी पाठवलं नव्हतं. आई पूर्ण्याच्या बाजूला, एकटी. पोरगी दवाखान्याचं निमित्त करून, घरच्याच दमणीतून एका जुन्या मोलकरणीला घेऊन आली. "आईला दावायचंय बाई, मी बरी हाय म्हणून," म्हणाली आणि खुर्चीत इतकी ताठ बसली की मला दोनदा सांगावं लागलं, श्वास घे. फोटो त्या मोलकरणीनं आईकडे पोचवला.

मग एका उन्हाळ्यात आमच्या ओळीतलं कापसाचं गोदाम जळालं. धग आमच्या पत्र्याला लागली. ह्यांनी धसका घेतला आणि आठ दिवसांत विम्याचा एजंट बोलावला. त्यानं दोन प्रकार सांगितले. एकात कॅमेरा, भिंगं, पडदा, खुर्च्या एवढंच. दुसऱ्यात दुकानातला सगळा माल, फोटोच्या काचांसकट. पण दुसऱ्यासाठी तो प्रत्येक वस्तू डोळ्यांनी बघणार आणि कुणाची काच कोणती याची यादी कचेरीत जाणार.

मी चहा ठेवला आणि तिथंच उभी राहिले.

"पयला घ्या," मी म्हणाले. "माझी पेटी त्यात नको."

"अगं, कॅमेरा दुसरा मिळंल. त्या काचा जळाल्या तर कुठून आणायच्या?" हे म्हणाले.

"जळाल्या तर जळू द्या. कुणाला बघू द्यायच्या न्हाईत."

एजंट हसला. "वैनी, त्या काचेत तोंड काळं अन् केस पांढरे दिसतेत. कोण वळखतंय?"

"ज्याची बायको हाय तो वळखंल."

"तू उगं डोकं खायलीस," हे मला म्हणाले आणि एजंटाकडे बघून त्यांनी हात उडवला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या माणसासमोर! चार दिवस मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. मला वाटलं, माझा अबोला म्हणजेच नकार. ह्यांना वाटलं, मिटलं.

त्याच आठवड्यात चुडाव्याला बहिणीच्या लेकराचं बारसं होतं. किल्ली कमरेला लावून मी दोन दिवस गेले. परत आले आणि पेटी उघडली, तर पाकिटांचा क्रम बदललेला. ह्यांनी कुलपाला हात लावलाच नव्हता. पेटीच्या मागच्या बिजागरीचे स्क्रू काढले होते. आणि प्रत्येक पाकिटावर, माझ्या खुणेच्या शेजारी, ह्यांच्या वळणदार अक्षरात गाव आणि घर. गुरुवारी बोळाच्या तोंडाशी असलेल्या पानाच्या दुकानी बसून कुणाची दमणी येते हे ते बघत असत. पाकिटावरच्या तारखा त्यांनी त्याला जुळवल्या. किती हुशार माणूस!

"तुझ्याच भल्यासाठी केलं," हे म्हणाले. "आता एक जरी फुटली तरी भरपाई हाय."

"कुणाला?" मी विचारलं. ह्यांना प्रश्नच कळला नाही. त्यांच्या लेखी ती काच होती, आणि काचेला किंमत होती, आणि किंमत कागदावर चढली होती.

पुढे काय झालं ते त्या मोलकरणीनं येऊन सांगितलं. एजंट जिंतूरकडे गेला, त्याच घरी, कापसाच्या गोदामाचा विमा गळ्यात मारायला. मालक तयार होईनात, तेव्हा वजन पडावं म्हणून बोलून गेला, "तुमच्या सूनबाईच्या फोटोची काचसुद्धा आमच्याच इम्यात हाय की." एवढंच. त्या दिवसापासून पोरीला दवाखानाही बंद झाला. आईकडचा फोटो माणूस पाठवून काढून घेतला. मोलकरणीला कामावरून हाकललं. ती रडत नव्हती, मीच रडत होते, आणि रडतानाही ह्यांच्या डोक्यात काहीतरी घालावं असं वाटत होतं.

चार दिवसांनी त्या घरचे कारभारी काच मागायला आले. हे काच द्यायला निघाले होते! मी ह्यांच्या हातातून ती ओढून घेतली. चुलीवरच्या कढत पाण्यात धुण्याचा सोडा टाकला आणि काच त्यात बुडवली. घडीभरात दुधावरची साय निघावी तसा फोटो सुटून आला. कोरी काच कारभाऱ्यांच्या पुढ्यात धरली. "बघा आता कुणाचं तोंड दिसतंय." ते आल्या पावली परत गेले.

माझा राग तेवढ्यानं भागला नाही. मी सगळी पेटी रिकामी केली. एकेक काच त्या पाण्यात. हे दारात उभे राहून म्हणत होते, "अगं, आपल्या हातानं केल्यावर भरपाई मिळत नसती." मला इतकं बरं वाटलं! खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखं वाटलं. शब्द पाळला म्हणून छाती काढून फिरले. बायकांनी येणं सोडलं तेही मी ह्यांच्याच नावावर टाकलं. हे पुढेही नेमानं हप्ता भरत राहिले, आणि चुकलो असं मरेपर्यंत म्हणाले नाहीत.

पोळ्यानंतर एक म्हातारी आली. पूर्ण्याहून गाडीनं आणि स्टेशनापासून पायी. पायरीवर बसून पाणी प्याली आणि म्हणाली, "माय, माझ्या लेकीचा फोटो तिच्या सासरच्यांनी नेला. फोटोसंगंच तिनं सांगावा धाडला होता. हरवला तर घाबरू नको, बाईकडं काच हाय, तिच्यावरून कितीबी निघतेत. एक काढून दे."

मी तिला सांगायला लागले, सोडा, पाणी, कारभारी. तिला त्यातलं काही समजलं नाही.

"काच हाय ना पर?"

"हाय, मावशी."

"मग दाव की."

पाकीट अजून होतं, चिंचेच्या पानाचं. त्यात मी काच परत ठेवली होती. ती काढून तिच्या हातात दिली. तिनं आधी हात पदराला पुसले, मग काच उजेडात धरली, मग उलटी करून धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली.

"माय," तिनं विचारलं, "कोणत्या बाजूनं बघायचं?"