बर्फाचं मशीन आणि गयाबाईंची भांडी

"मशीन बंद करून ठेवलंय चाचा. तुम्ही आल्याशिवाय चालू करणार नाही."

फोनवर स्नेहा होती. शनिवारची दुपार. शनिवारी बारवालीनं बर्फाचं मशीन बंद ठेवायचं म्हणजे लग्नघरात आचाऱ्यानं चूल विझवायची. मी विष्णुपुरीला एका मेसच्या डीप फ्रीजरमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. म्हटलं, झालं, कॉम्प्रेसर गेला.

"जळालं का?"

"नाही हो, मशीन झकास आहे."

"मग बंद कशापायी?"

"वरच्या आजींची भांडी वाजतात."

मी कपाळावर हात मारला. तीस वर्षं रेफ्रिजरेशनचा धंदा करून राहिलो. बर्फ होत नाही, पाणी गळतं, बिल जास्त येतं, असल्या कंप्लेंटी लई ऐकल्या. भांडी वाजतात ही पहिलीच. पण मशीन मीच बसवलेलं, वॉरंटीतलं. मुकाट गाडी काढली नि लातूरचा रस्ता धरला.

माझं दुकान नांदेडला. मी स्वतः दारूचा थेंब घेत नाही, पण अर्ध्या मराठवाड्यातल्या पेल्यांतला बर्फ माझ्या मशिनांचा आहे. बायको म्हणते, कयामतच्या दिवशी याचा जबाब तुम्हीच द्या. बरं, देईन.

स्नेहाचं हॉटेल म्हणजे दिवसा कॅफे, संध्याकाळी कॉकटेल बार. ही पोरगी पुण्याच्या नि गोव्याच्या मोठ्या हॉटेलांत बारटेंडर होती. गावी आली आणि क्लासेसच्या भागापासून कायद्याचं अंतर ठेवून एका दुमजली घराचा खालचा मजला भाड्यानं घेतला. पोराला डॉक्टर करायचं म्हणून लातुरात खोली करून राहिलेल्या आया दुपारी तिथं कॉफी घेत बसतात. कुणी बिलोलीची, कुणी हिमायतनगरची. दिवे लागले की कप आत जातात, ग्लास बाहेर येतात. दप्तरवाला कुणी आला तर त्याला दारातूनच रामराम. बाईमाणूस बार चालवते म्हणून लोकांनी आधी नावं ठेवली. मग तीच मंडळी बायकोला घेऊन येऊ लागली. मानलं पाहिजे पोरीला.

आता बर्फाचं सांगतो. कॉकटेल म्हणजे दारूत लिंबू, साखर, फळाचा रस असं काहीबाही मापानं घालायचं आणि बर्फासोबत खळखळा हलवायचं. बर्फ भुसभुशीत असला तर लगेच विरघळतो आणि पेल्यात नुसतं पाणी होतं. म्हणून टणक, काचेसारखा बर्फ लागतो. तो करणारं मशीन आत काउंटरखाली असतं आणि त्याचा कॉम्प्रेसर बाहेर, एसीच्या बाहेरच्या डब्यासारखा. स्नेहाकडचा डबा मी मागच्या भिंतीला लोखंडी ब्रॅकेटवर टांगला होता. त्याच भिंतीला, बरोबर वर, घरमालकांचं स्वयंपाकघर.

पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. घरमालक दारातच उभे. क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतात, सगळे त्यांना सरच म्हणतात. आज सुट्टी काढून थांबलेले. माणूस सभ्य, पण चेहरा ओढलेला.

"मशीनचा काही दोष नाही हो," ते म्हणाले. "आईच्या मनाचा आहे. आमचं गाव किल्लारी पट्ट्यातलं. भूकंपात माझी मोठी बहीण गेली. तेव्हापासून आई जरा खुट्ट झालं की बाहेर पळते. आता रोज दिवेलागणीला खाली उतरून समोरच्या पायरीवर बसते. मी क्लासवरून येईपर्यंत तिथंच, थंडी असो, डास असो. तिला किती सांगितलं, होईल सवय. ऐकतच नाही. पुढच्या आठवड्यात उदगीरला धाकटीकडं नेऊन सोडतो."

"मी न्हाई जायची," मागून आवाज आला. "हे घर माझं हाय."

या गयाबाई. सरांच्या आई. सत्तरीच्या, काटक, कपाळावर हिरवं गोंदण.

मी स्नेहाला बाजूला घेतलं. "तुला कसं कळलं मशीनमुळं आहे ते?"

"मला कुठं कळलंय? पण परवा संध्याकाळभर लाइट नव्हती. इन्व्हर्टरवर दिवे चालले, मशीन बंद. त्या दिवशी आजी खाली आल्याच नाहीत. आजी खोटं बोलत नाहीत चाचा. त्यांना काहीतरी जाणवतंय. ते काय, ते तुम्ही शोधा."

मी, सर आणि गयाबाई वर गेलो. स्वयंपाकघराच्या भिंतीला स्टीलची मांडणी ठोकलेली. ताटं, वाट्या, तांबे घासूनपुसून ओळीत लावलेले, खाली झारे-उलथणी अडकवलेली. मी खिडकीतून ओरडलो, "चालू कर!" खाली बटण दाबल्याचा आवाज आला. आम्ही तिघं मांडणीकडं डोळे लावून उभे. ताट हललं नाही की चमचा वाजला नाही.

"बघा," सर म्हणाले. "मी पण रविवारी दुपारी, क्लासला जायच्या आधी थांबून बघितलं होतं. असंच."

खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. फिटिंग आपलं, नाक आपलं. पण गयाबाई वाद घालेनात. एवढंच म्हणाल्या, "आता न्हाई वाजायची. दिवं लागल्यावर वाजत्यात."

दिवे लागल्यावरच का? जिना उतरता उतरता माझ्या डोक्यात उजेड पडला. बर्फाच्या मशीनला खाली एक पेटी असते. ती भरली की मशीन आपोआप थांबतं, बर्फ उपसला की पुन्हा चालू होतं. दिवसा कॉफीला बर्फ लागतो कितीसा? पेटी भरलेली, कॉम्प्रेसर झोपलेला. संध्याकाळी कॉकटेल सुरू झाले की उपसा सुरू आणि कॉम्प्रेसरची घरघर पण सुरू. सर त्या वेळी क्लासवर, ते रात्री येईपर्यंत उपसा थांबलेला. खाली गाणी नि गप्पा, तिथं कुणाला कळणार! म्हणजे ज्या वेळी वाजायचं त्या वेळी वर या म्हातारीशिवाय कुणीच नसायचं.

स्नेहाला सांगितलं. ती म्हणाली, "मग पेटी रिकामी केली तर आत्ताच चालू होईल?"

"होईल. पण आज शनिवार आहे बाई. सगळा बर्फ..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तिनं फावडं हातात घेतलं होतं. टेबलं भरायला लागली होती. एक जण म्हणाला, "मॅडम, आमची ऑर्डर?" ती म्हणाली, "आज बर्फ नाही दादा. आल्याची गरम कॉफी देते. नाहीतर उद्या या, भांडण नाही." आणि शनिवारचा अख्खा बर्फ तिनं परसात झाडांना घालायच्या पाण्याच्या पिंपांत ओतला. लातुरात पाणी काही कुणी गटारात टाकत नाही.

मी धावत वर गेलो. खाली मशीननं घसा खाकरला. आधी झारा हलला. मग उलथणं त्याला लागून टिकटिक करायला लागलं. मग सगळी ताटं एकदम झिर्रर्र करून बारीक वाजायला लागली. भिंतीला हात लावला तर मुंग्या आल्यासारखं झालं. ब्रॅकेटखालचं रबर दबून दगड झालं होतं आणि डब्याची थरथर सगळी भिंतीत उतरत होती. सर पांढरेफटक पडले.

गयाबाई आमच्याकडं बघायला थांबल्याच नाहीत. पायांत चपला सरकवल्या आणि जिना उतरल्या. आम्ही दोघं मागोमाग. त्या समोरच्या पायरीवर बसल्या.

मी म्हटलं, "मावशी, मशीन आहे ते. भूकंप नाही. आता तर कळलं ना? भ्यायचं काही कारण नाही."

"भ्याले न्हाई मी," त्या म्हणाल्या. "ऐक बाबा. आमच्या गावात ते येका राती न्हाई झालं. आदल्या सालापासून जमीन गुरगुरायची. भांडी वाजायची. पयल्यांदा सारं गाव बाहेर पळालं. लोक अंगणात झोपाया लागले. साहेब लोक आले, म्हनले, घाबरू नका, काई होत न्हाई. मग मानसं बी म्हनाया लागली, वाजू दे, रोजचंच हाय. सवय झाली बघ सगळ्यांला. मला बी झाली. मग गनपती बुडवून आले, दमून झोपले. त्या राती भांडी वाजली का न्हाई, कोन सांगावं? माझी लेक आतच झोपली व्हती."

रस्त्यावरून क्लास सुटलेल्या पोरांची झुंबड चालली होती. गयाबाईंनी सरांकडं बोट केलं.

"आन् ह्यो मला म्हनतो, आई, सवय हुईल. तीच तर लागू द्यायची न्हाई मला. म्हनून रोज उतरते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवलं नाही. सर तर तिथंच, आईच्या शेजारी पायरीवर बसले. उदगीरचं नाव त्यांनी नंतर काढलं नाही.

आता प्रश्न माझा. कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "व्हायब्रेशन लिमिटमध्ये असतं भाई. रबर बदला. बाकी थोडं राहील, कस्टमरला सांगा, सवय होईल."

"साहेब," मी म्हटलं, "दुसरं काहीही बोला. तो शब्द काढू नका." आणि फोन ठेवला.

नवीन रबर टाकलं. झारा गप्प झाला. मला वाटलं, फत्ते. गयाबाईंनी भिंतीला तळहात टेकला, डोळे मिटले. "हाय आजून."

मी स्नेहाकडं बघितलं. "यापुढं एकच उपाय. डबा भिंतीवरून उतरवायचा. परसात चौथरा बांधायचा, घराच्या पायापासून सुटा. लांब पाइप टाकायचा, गॅस नव्यानं भरायचा. चौथरा वाळेपर्यंत बर्फ मिळणार नाही. बार बंद ठेवावा लागेल."

"उतरवा," ती म्हणाली. "आणि बार बंद कशाला?"

दुसऱ्या दिवशी तिनं घरच्या फ्रिजमध्ये द्राक्षं गोठवायला टाकली. सीताफळाचा गर काढून त्याच्या वड्या गोठवल्या. बर्फाच्या जागी पेल्यात द्राक्षं. ती विरघळत नाहीत, पाणी होत नाही, शेवटी खाताही येतात. बारवालीला बर्फ नाही म्हणजे हात बांधले, असं मी समजत होतो. हिनं बांधल्या हातांनी नवीन मेनू काढला! चौथरा वाळला, मशीन चालू झालं, तरी काही डॉक्टर मंडळी अजून द्राक्षंवालाच मागतात.

मशीन चालू केलं त्या संध्याकाळी गयाबाई कितीतरी वेळ भिंतीला हात लावून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "न्हाई आता." आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. मी खाली येऊन स्नेहाच्या हातचा लिंबू-पुदिन्याचा सोडा प्यायलो. एवढा गोड सोडा मी कधी प्यायलो नाही.

पुढं काही महिन्यांनी गॅसचं प्रेशर बघायला गेलो होतो. संध्याकाळ, टेबलं गच्च. मी परसात चौथऱ्यापाशी. एवढ्यात वरच्या गॅलरीतून हाक आली, "स्नेहा! वाजली गं!"

मी म्हणणार होतो, थांबा, आधी मशीन बघतो. स्नेहानं तोवर गाणी बंद केली होती. "सगळे बाहेर. ग्लास जागेवर ठेवा. बिलाचं नंतर." एकानंही का म्हणून विचारलं नाही. लातूरचीच माणसं ती. खुर्च्या सरकल्या आणि पटापट सगळे रस्त्यावर. सरांची त्या दिवशी सुट्टी होती. ते आईचा हात धरून जिना उतरले, स्वतः अनवाणी.

आम्ही उभे राहिलो, वर घराकडं बघत. मग मागच्या गल्लीतून धडधड ऐकू आली आणि धुळीचा लोट वर आला. कुणाच्या तरी प्लॉटमध्ये बोअरची गाडी लागली होती.

एक जण खो खो हसला. "आजी, बोअर हाय वो! उगं पळवलं आमाला."

स्नेहा हसली नाही. तिनं गयाबाईंकडं बघितलं. गयाबाई पदर खोचून पहिल्या पायरीवर पाय ठेवत होत्या.

"बरं झालं की मग," त्या म्हणाल्या. "खोटं निघालं तर नुस्ता जिना चढायचा ऱ्हातो."