शिडीवरून काढलेली मार्कशीट

सरक शीतल, जवळ ये. फोन कानाशी नको, डोळ्यासमोर धर. हे सारं मी तुझ्यासाठीच लिहून राह्यली. अन् आधी बोलणी खाय! नागपूर काय चंद्रावर हाय? दिवाळीत येते म्हणाली, अन् मावशी फराळाचा डबा धरून दारात उभी ती उभीच!

तर ऐक. फोटो लहान यावा म्हणून मी शिडीवर चढली होती.

तुले माहीतच आहे, आमच्या वर्षाले नर्सिंगले जायचं होतं. तिची लेक शाळेत जाऊ लागली तशी माझ्या ह्या सुनेनं पुन्हा पुस्तकं काढली. ऑनलाइन अर्जाचा शेवटचा दिवस. सारे कागद गेले, बारावीची मार्कशीट तेवढी राह्यली. संध्याकाळपर्यंत ती गेली नाही, तर पोरीचं वरीस गेलं!

मी म्हटलं, फोटो मी काढते. शुभ कामाचा कागद नुसत्या खाटेवर ठेवू नाही, म्हणून आंगणातल्या खाटेवर माझी ठिगळाठिगळाची गोधडी अंथरली. मधात मार्कशीट, बाजूले सुपारी, हळद-कुंकवाची चिमूट. (कागदावर नाही, गोधडीवर! एवढी अक्कल आहे मले.)

"आई, जात नाही. फाइल लई मोठी हाय म्हणते."

"कोण म्हणते?"

"वेबसाइट. दोनशे केबीच्या आत पाह्यजे."

"तिले सांग, बारावी पास झालेल्या बाईची मार्कशीट मोठीच असन!"

सुपारी काढली. जात नाही. कुंकू पुसलं. जात नाही. मग दिसलं, फोटोत माझ्या पायाचा आंगठा आला होता. तोही काढला. आता तरी फाइल हलकी होईन! (माझं वजन तू पाह्यलंच आहे.) तरी नाही!

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. लांबची वस्तू लहान दिसते का नाही? मंग फोटो लांबून काढा!

"काऊन वो," तुझे मावसाजी म्हणे, "ह्या वयात माकड बनून राह्यली काय?"

"तुम्ही शिडी धरा अन् तोंड बंद ठेवा!"

वरून पाह्यलं तर मार्कशीट पोस्टाच्या तिकिटाएवढी! मी खुशीत बटण दाबलं, अन् त्याच फोटोत आमची बकरी आली.

"धरा! धरा तिले!"

मावसाजींनी बकरी धरली. म्हणजे शिडी सोडली! मी टिनाच्या छपराच्या कडेले लटकल्यासारखी, खाली बकरीच्या तोंडात मार्कशीटचा कोपरा. वर्षा घरातून धावत आली अन् सरळ तिच्या जबड्यात हात घातला! कागद वाचला, कोरा कोपरा तेवढा ओला झाला. पण पोरगी खाटेवर बसली अन् हळूच म्हणे, "जाऊ द्या आई. नसन माझ्या नशिबात."

ते मी वरूनच ऐकलं. तिथूनच तुले फोन लावला.

"शीतल, मी शिडीवरून बोलून राह्यली!"

"मावशी, तू आधी खाली उतर. फाइल नंतर उतरवू."

हापिसात जेवणाचा डबा उघडा टाकून तू समजावत बसली. फोटो जवळून काढ का लांबून, तेवढाच भारी राह्यते. गोधडीच्या एकेका ठिगळाचा रंग तो साठवून घेते. पांढऱ्या कपड्यावर ठेव, कागदापुरता काप, मंग साइज कमी कर, अन् अक्षरं वाचता येतात का पाह्य. मावसाजींचं धुतलेलं धोतर दोरीवरून ओढलं. (ते 'अवो माह्यं धोतर!' म्हणत राह्यले.) वर्षानं फोटो काढला, कापला, दाबला...

"गेली, आई! गेली!"

मावसाजींनी बकरीलाच मिठी मारली!

आता वर्षा पांढऱ्या ड्रेसात रोज सकाळी नर्सिंगच्या कॉलेजाले जायले चिखलीची एसटी धरते. परवा तिनं माझं बीपी मोजलं अन् लोणच्याची बरणी उचलून वर ठेवली. राग आला, पण डोळे भरले. बाई, तुझे उपकार कसे फेडू? तू त्या दिवशी एकदाही हसली नाही. (फोन ठेवल्यावर हसली, हे तू वर्षाले सांगितलं अन् तिनं मले.)

पण एक घोटाळा झाला. गल्लीत बोभाटा झाला, की फाइल लहान करावी तर ह्याच बाईनं! आता बाया कागद घेऊन येतात. मी चष्मा लावते, "हं, भारी हाय," म्हणते, अन् आत जाऊन गुपचूप वर्षाले विचारते. पुढच्या महिन्यात तिची परीक्षा हाय, ती घरी नसन. म्हणून लवकर ये वो माय, चार दिवस तरी राह्य. नाहीतर लोकायसमोर मले पुन्हा शिडीवर चढा लागन!