जालन्याच्या मातीचा डबा

पराक्रमाचे किस्से चार दिवसांत शिळे होतात. घाबरल्याचे मात्र लोणच्यासारखे मुरत जातात. आमच्या मुकुंदवाडीच्या कबड्डी संघाकडे असा बराच साठा आहे, आणि जवळजवळ सगळा जालन्याच्या कृपेने!

जालन्याच्या संघात आणि आमच्यात एक जुना रिवाज आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या मैदानातली माती डब्यात भरून न्यायची आणि डोळ्यांसमोर ठेवायची. जिंकलं की डबा परत. गेली तीन वर्षं तो डबा आमच्या पत्र्याच्या खोलीत फळीवर आहे. त्याच्याकडे पाठ करून कुणी बसत नाही. मीही नाही.

*

त्यांचा चढाई करणारा गडी म्हणजे खालेदभाई. आमचा सिद्धार्थ लाइनमन, वादळात खांबावर चढणारा माणूस. पण खालेदभाई अंगावर आला की हा मागे सरकतो. आमचे कोच नाना एकदा ओरडले, "आरं, घोटा धर की त्याचा!"

"नाना, चालू तार धरतो. तेवढा घोटा सांगू नका!"

*

यंदा लीगचे गट नव्याने पाडले. यादी व्हॉट्सॲपवर आली: जालना विदर्भाच्या गटात, आम्ही नाशिककडच्या. म्हणजे खालेदभाईची गाठच नाही! सिद्धार्थने पेढे वाटले. मी दोन खाल्ले. नाना पेढा हातात धरून फळीकडे बघत बसले.

"मंग ह्यो डबा परत कसा करायचा रे?"

तिसरा पेढा मी तसाच खाली ठेवला.

*

नव्या गटातला पहिला सामना. माणसं फार सभ्य. हात मिळवले, लिंबूपाणी पाजलं आणि आम्हाला धुऊन काढलं. परतताना पोरं गाडीत गाणी म्हणत होती. नानांनी एकही शिवी दिली नाही. तेव्हा मी गाणं मध्येच थांबवलं.

पुढच्या आठवड्यात सरावाला चौघे आले. मग दोघेच: मी आणि नाना. पूर्वी "खालेद येतोय" म्हटलं की पुंडलिकनगरहून पोरं पळत यायची. भ्यायलाच कुणी उरलं नाही तर संघ मोडणार, या भीतीने मला जेवण जाईना.

*

दरवर्षीच्या सामन्याचा रविवार आला. सवयीने सगळे मैदानावर जमलो आणि नुसते बसून राहिलो. तेवढ्यात जालन्याकडची पॅसेंजर थांबली आणि स्टेशनाकडून सात जण चालत आले. पुढे खालेदभाई!

"लीगवाल्यांचं लीगवाल्यांपाशी. रविवार तर आपला हाय ना? पंच नाय आणला, भांडून घेऊ!"

नाना खोलीत शिरले आणि आतून कडी लावली. मी दार वाजवलं.

"नाना, बरं हाय ना?"

"लई भ्याव वाटायलंय रे!" आवाजात आनंद मावत नव्हता.

खालेदभाईच्या शेवटच्या चढाईला सिद्धार्थने डोळे मिटले आणि घोटा धरला. सुटला नाही. जिंकलो!

खालेदभाईने दोन्ही हात पुढे केले. "द्या नाना, आमची माती."

नानांनी डबा छातीशी धरला. "पुढच्या साली येणार का?"

"गट वेगळे झाले, नाना. काय सांगावं?"

"मंग नाय देत!"